समुद्राची भीती घालवायला स्नॉर्केलिंग (डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करून बघायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मला तलावात व्यवस्थित पोहता येतं. खोल बाजूलाही जाते, कारण तिथे तळाच्या फरश्या दिसत असतात. समुद्रात मात्र पाणी छातीपर्यंत आलं आणि पाय दिसेनासे झाले की श्वास अडकल्यासारखा होतो. शेवाळाचा एखादा तंतू पोटरीला चाटून गेला तरी अंगावर सर्रकन काटा येतो आणि मी काठाकडे धाव घेते. बुडेन असं एकदाही मनात येत नाही. खाली काय आहे ते दिसत नाही, याचीच धास्ती आहे. होडीत बसते, पण कडेवरून वाकून गडद पाण्यात बघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

धाकट्या बहिणीने स्कूबाचा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा) कोर्स केलाय आणि तिला मला सोबत न्यायचं आहे. मलाही मनापासून जायचंय. तिने टिपलेले प्रवाळांचे फोटो मी पुन्हा पुन्हा मोठे करून बघते. काहीच नवं न करता ही भीती आपोआप जाणार नाही, हे आता पटलंय.

जाणकारांनी कृपया सांगावं: आधी स्नॉर्केलिंग करावं की प्रशिक्षक सोबत असतोच म्हणून थेट स्कूबा? नळीतून श्वास घेताना दम लागतो असं ऐकलंय, ते का? आणि भीती अगदी टिपेला पोचली की बाहेर यावं की तिथेच थांबावं? घरचे म्हणतात, एकदा खोल पाण्यात उडी मार, सगळं जाईल. मला ते काही पटत नाही.

प्रतिसाद:

उडीचा सल्ला अजिबात ऐकू नका. भीती कमी होते ती टप्प्याटप्प्याने. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर हेच केलं. तो आवडीचं खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला, आणि शेवटी तो सशाला हात लावू लागला. आजची उपचारपद्धतीही बरीचशी याच वाटेने जाते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. टिपेला असताना पळालात तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. म्हणून टप्पाच इतका लहान घ्या की भीती वाटेल पण सोसवेल, आणि ती उतरेपर्यंत तिथेच थांबा. गुडघाभर पाण्यात उभं राहून मास्क लावून नुसतं खाली बघणं हासुद्धा पूर्ण टप्पा आहे. भीती ओसरली की मग बाहेर या.

तुमच्या बाबतीत मास्कच निम्मं काम करेल असं मला वाटतं. उघड्या डोळ्यांना पाण्यात धूसर दिसतं, कारण बुबुळाला पाणी टेकलं की प्रकाश नीट वळत नाही. मास्कमुळे मध्ये हवेचा थर येतो आणि तळ स्पष्ट दिसायला लागतो. एक मात्र आधीच माहीत असू द्या: मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि खऱ्या अंतरापेक्षा जवळ दिसतात. वीतभर मासा अंगावर आल्यासारखा वाटला तर ती वळलेल्या प्रकाशाची करामत समजा.

दम लागण्याचं कारण नळीतच आहे. सोडलेल्या श्वासाचा थोडा भाग नळीत राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येतो. घाबरून भराभर उथळ श्वास घेतले की तीच शिळी हवा आत-बाहेर होते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुदमरल्यासारखं होतं. त्याने भीती आणखी वाढते. उपाय म्हणजे श्वास सोडताना वेळ घ्या, सगळा सोडा. आधी तलावात, पाय टेकत असताना, काही दिवस एवढंच करा. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारून बाहेर काढायलाही तिथेच शिका.

प्रतिसाद:

मी स्कूबा शिकवतो. आधी स्नॉर्केलिंगच करा. स्नॉर्केलिंगमध्ये घाबरलात तर डोकं वर काढलं की झालं. स्कूबात तसं चालत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. श्वास रोखून झपकन वर आलात तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा आमचा पहिला नियम. कानाला दडे बसतात, तेही नाक दाबून हळूच हवा ढकलून सोडवायला सवयीने शिकावं लागतं. आणि दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

समुद्राचं पाणी खारट, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यामुळे ते तलावापेक्षा जास्त उचलून धरतं. हात-पाय सैल सोडून पालथं तरंगून बघा, तुम्हालाच आश्चर्य वाटेल. पाठीवर उताणं तरंगवणारं जाड लाइफ जॅकेट घालून तोंड खाली ठेवणं कठीण जातं, म्हणून फुंकून फुगवायचं स्नॉर्केल जॅकेट मिळालं तर तेच घ्या.

दिवस शांत पाण्याचा निवडा, जीवरक्षक असलेली जागा निवडा आणि एकटीने कधीही जाऊ नका. पाणी काठापासून आत ओढायला लागलं तर त्याच्याशी झुंजू नका. तो प्रवाह खाली खेचत नाही, फक्त दूर नेतो. हात वर करून मदत मागा, तरंगत राहा, आणि पोहायचंच तर काठाला समांतर पोहून त्यातून बाहेर पडा.

आणि बहिणीला आधीच सांगून ठेवा की मी थांब म्हटलं की थांबायचं, ‘अजून थोडंसं’ म्हणायचं नाही. माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. नळीचं कारण वाचूनच खूप हायसं वाटलं. बहिणीशी बोलले, ती तयार आहे. एक शंका राहिली: मला लांबचा चष्मा आहे. मास्कच्या आत तो बसणार नाही, मग तळ पुन्हा धूसरच ना?

प्रतिसाद:

चष्मा घातला तर कडेने पाणी शिरेल, म्हणून नको. नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो, तो मागा. नंबर अगदी कमी असेल तर साध्या मास्कनेही बरंच भागतं, कारण सगळं मोठं दिसतंच. आधी तलावात लावून खात्री करून घ्या.