मदत हवी आहे: बदलाचे पॅटर्न शिकवताना रोल-प्ले फसतोय

धागाकर्ता
शुक्रवारी पुन्हा सत्र आहे, जरा लवकर सांगा. मेरी लिन मॅन्स आणि लिंडा रायझिंग यांच्या 'फिअरलेस चेंज' पुस्तकात ४८ पॅटर्न आहेत, म्हणजे नवी कल्पना लोकांत रुजवायच्या नाव दिलेल्या युक्त्या. त्यातले १५ निवडले, कार्डं छापली, भूमिका वाटल्या. प्रसंग असा: मशीनच्या ब्रेकडाउनची नोंद रजिस्टरऐवजी टॅबवर करायची. पाच मिनिटांत 'अहो, फायदा तरी बघा' आणि 'नाही म्हणजे नाही' यावर गाडी अडते. पॅटर्नची कार्डं टेबलावरच पडून राहतात. शेवटी सगळे 'छान झालं' म्हणून जेवायला जातात. कार्डं वापरली जावीत म्हणून काय करू?

वहीकोरी
किती जण? वेळ किती? विरोध करणाऱ्याच्या कार्डावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

धागाकर्ता
२८ जण, ९० मिनिटं. 'तुम्ही शिफ्ट सुपरवायझर आहात. नव्या पद्धतीला तुमचा विरोध आहे.' बस.

आठपायऱ्या
त्यापेक्षा संस्थेत बदल घडवायच्या जॉन कॉटरच्या आठ पायऱ्या घ्या. आधी निकड पटवा, मग पुढाकार घेणारा गट बांधा. स्लाइडवर तासाभरात होतं.

वहीकोरी
स्लाइड कुणी मागितल्यात? त्यांचा रोल-प्ले अडलाय.
धागाकर्ते, चूक कार्डातच आहे. विरोधाला कारणच दिलं नाही, तर माणूस नुसता अडून बसणार आणि समोरच्याला शोधायला काही उरणार नाही. असं लिहा: 'मागे बारकोड आला तेव्हा तीन महिने नोंद दोन्हीकडे करावी लागली. पाळी संपल्यावर अर्धा तास तुम्हीच थांबत होतात. कुणी विचारलं तरच हे सांगा.' आता न विचारता पुढे जाताच येत नाही. 'फिअर लेस' म्हणजे तरी काय, विरोधकाचं आदराने ऐकून त्यातून शिकणं. आणि १५ फार झाले. फिअर लेस, पर्सनल टच (त्या माणसाला स्वतःला काय उपयोग ते दाखवणं), ट्रायल रन (थोडे दिवस करून बघणं), चॅम्पियन स्केप्टिक (वजनदार विरोधकालाच शंका काढायचं काम देणं), कॉरिडॉर पॉलिटिक्स (निर्णयाआधी महत्त्वाच्या माणसांना एकेकटं गाठून बोलणं), एवढे पाच पुरेत.

घड्याळलावा
चौघांचे सात गट करा: बदल मांडणारा, सुपरवायझर, ऑपरेटर, निरीक्षक. पहिली १५ मिनिटं कार्डं वाचायला. मग तीन फेऱ्या, प्रत्येकी ७ मिनिटं प्रसंग आणि ८ मिनिटं गटात बोलणं. प्रसंग तोच ठेवा, भूमिका फिरवा. उरलेली ३० मिनिटं सगळ्यांची मिळून चर्चा, त्यातलं एक मिनिटही कापू नका. मांडणाऱ्याने फेरीआधी एकच पॅटर्न निवडून कार्ड उलटं ठेवायचं, निरीक्षकाने तो नंतर ओळखायचा. ओळखता आला नाही, तर तो वापरलाच गेला नाही.
निरीक्षकाच्या कागदावर मतं नकोत. कोणत्या वाक्यानंतर सुपरवायझरने हाताची घडी सोडली, ते वाक्य शब्दशः लिहायचं.

कोष्टक
नवी गोष्ट कोण किती लवकर घेतो याची एव्हरेट रॉजर्सची विभागणी वापरा ना! २.५ टक्के इनोव्हेटर म्हणजे सगळ्यात पहिले, १३.५ अर्ली अडॉप्टर म्हणजे त्यांच्या लगेच मागचे, मग उशिरा घेणारे ३४, ३४ आणि १६. २८ जणांत चार अर्ली अडॉप्टर येतात, त्यांनाच मांडणारे करा.

वहीकोरी
ती विभागणी मोठ्या समूहात एखादी नवी गोष्ट कोण आधी, कोण नंतर स्वीकारतो याची आहे. खोलीतल्या माणसांवर शिक्के मारायला ती नाही. टॅब आधी घेणारा नव्या पाळीला शेवटपर्यंत नाही म्हणू शकतो.

चहावाली
'डू फूड' म्हणजे बैठकीत खाणं ठेवायचा पॅटर्न, तो वगळू नका. खाणं शेवटी नको, पहिल्या फेरीनंतर ठेवा, लोक मोकळे होतात. फक्त वड्याचं तेल कार्डांना लागतं, लॅमिनेट करून घ्या. उपवासाचंही काही असू द्या.

धागाकर्ता
कार्डं पुन्हा लिहितोय. दोन विभागप्रमुखही खोलीत असतात, त्याने फरक पडतो का?

घड्याळलावा
हे आधी सांगायचं! मग 'छान झालं'शिवाय दुसरं काय ऐकू येणार? त्यांना बाहेर ठेवा.

वहीकोरी
बाहेर ठेवलं तर तेच शिकायचे राहतील. दोघांना वेगवेगळ्या गटांत, तिन्ही फेऱ्यांत ऑपरेटर करा. मांडणारा नको, निरीक्षक तर मुळीच नको. साहेब हातात कागद घेऊन बसले की कुणी तोंड उघडत नाही.

धागाकर्ता
आणि निरीक्षकांचे कागद? साहेब मागतील.

वहीकोरी
द्यायचे नाहीत. सत्र संपल्यावर सगळ्यांसमोर फाडायचे, आणि ते फाडले जातील हे सुरुवातीलाच साहेबांच्या तोंडून सांगायचं. त्यासाठी गुरुवारीच त्यांना गाठा.

धागाकर्ता
म्हणजे कॉरिडॉर पॉलिटिक्स. उद्या सकाळीच भेटतो.