औषध न मारता द्राक्ष? फ्रान्सच्या बाटलीवरनं प्रश्न

अथणीचा_बागायतदार
भाचा फ्रान्सात बोन गावच्या हॉटेलात कामाला हाय. त्यानं एका बाटलीचा फोटो धाडला: शेव्हालिए-मोंराशे, पांढरी वाइन, सेंद्रियवाली. म्हणतो, "मामा, ह्यांच्या बागेत औषधाचा थेंब मारत न्हाईत." मला काय पटंना. आमच्याकडं फळछाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की रात्री ट्रॅक्टर घेऊन बागेत शिरावं लागतंय, न्हाईतर डाऊनीनं (पावसात येणारा बुरशीचा रोग) घड गेले म्हणून समजा. तिकडं तर उन्हाळ्यातबी पाऊस. मग जमतंय कसं?

निपाणी_कृषी
काका, मारतात की, भरपूर मारतात. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारी, औषधं बंद, पण मोरचूद-चुना आणि गंधक चालतं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण त्यांचंच. डाऊनी १८७८ साली फ्रान्सात दिसला, १८८५ ला हा उपाय जाहीर झाला. खरी अडचण तांब्याच्या मर्यादेची: युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो. मोरचुदात तांबं पाव हिस्सा. आपला एक टक्का बोर्डो हेक्टरी १००० लिटर मारला की अडीच किलो एका फवारणीतच संपलं. वर्षाची सरासरी ४ किलो, म्हणजे दीड फवारणी! म्हणून ते पातळ मारतात, पुन्हा पुन्हा मारतात.

कॅम्पातला_वाइनवेडा
त्यात शेव्हालिएची बाग केवढी, तर साडेसात हेक्टर, तीही कितीतरी मालकांत वाटलेली. मोंराशे नावाच्या शेजारच्या बागेच्या वरच्या उतारावर, चुनखडीवर पातळ माती. द्राक्षाची जात शार्दोने, हेक्टरी १०,००० च्या आसपास वेली, छाटणी हिवाळ्यात एकदाच. त्या मालकांपैकी लफ्लेव्ह घराण्यानं १९९० ला प्रयोग सुरू केले, १९९७ ला आपली सगळी बाग बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रियच्याही पुढची, केली. गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचं वगैरे. शिंगाचं मला विचारू नका, वाइन मात्र अप्रतिम. बाटली हजारो रुपयांना जाते. त्या भावात घोड्यानं नांगरलं तरी परवडतंय.

अथणीचा_बागायतदार
भाव ऐकून गप्पच बसलो! आमच्या बेदाण्याला व्यापारी काय देतोय ते इथं लिहीत न्हाई. बोर्डो मी घरीच करतो. विळा बुडवायचा, पात्यावर लाल तांबं चढलं की अजून चुना. आता कडेच्या चार ओळींवर अर्धा टक्का मारून बघावं म्हणतोय. मणी धरल्यावर कुणी मारलाय काय? बेदाण्यावर निळे डाग राहतात का, तेवढं सांगा.