हिरमोड, विरस की अपेक्षाभंग?

शब्दवेडी : आवडत्या कादंबरीवरची मालिका बघून वाचक चरफडतो, त्याला नेमका शब्द कोणता? परीक्षणांत सरसकट 'अपेक्षाभंग' दिसतो. शिवाय कादंबरीची मालिका होते ते 'रूपांतर' की 'माध्यमांतर'?

पानोपानी : दुसरं आधी. मराठी रंगभूमीवर रूपांतरात नाटकाचं नाटकच राहायचं, नावं-गावं आपली व्हायची. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तो असा. मालिकेत माणसं तीच राहतात, सांगण्याचं साधन बदलतं, म्हणून माध्यमांतर. बोलताना 'कादंबरीवर बेतलेली' म्हणावं. बेतण्यात कात्री आलीच!

कच्चा खर्डा : 'मालिकेने बदल केले' हेही मोघम आहे. कोणत्या जातीचा बदल ते सांगितलं की नाराजीचा शब्द आपोआप सापडतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११–२०१९, ८ पर्वं, ७३ भाग) घ्या. तीत बदलाच्या तीन जाती दिसतात : गाळणे, पदरचं घालणे आणि वर्ग करणे.

गाळणे : तिसऱ्या खंडाच्या उपसंहारात मेलेली केटलिन स्टार्क (रॉब, सांसा आणि आर्या यांची आई) 'लेडी स्टोनहार्ट' होऊन परतते. चौथ्या पर्वाच्या शेवटच्या भागात ती दिसेल म्हणून वाचक डोळे लावून बसले होते, ती आलीच नाही. हा हिरमोड. हवं ते हाती लागलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पदरचं घालणे : पुस्तकात रॉब स्टार्कची बायको जेन वेस्टरलिंग, आणि ज्या लग्नात रॉब आणि त्याच्या माणसांची कत्तल होते, त्या लग्नाला ती हजरच नसते. मालिकेत तिच्या जागी तलीसा नावाची नवीच बाई आली आणि तिथेच मारली गेली. पोथ्यांच्या भाषेत हा प्रक्षेप. ज्ञानेश्वरीत ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, हा नाथांचा इशारा कट्टर वाचकाला पाठ असतो. इथे रसभंग म्हणा : चालू रसात मध्येच खडा लागतो.

वर्ग करणे (शब्द बँकेचा, पण चपखल) : पाचव्या खंडात क्रूर सरदारपुत्र रॅम्सीशी लग्न होतं ते आर्या म्हणून उभ्या केलेल्या जेन पूलचं. मालिकेने तिचे सगळे हाल सांसाच्या नावे वर्ग केले. कारण उघड आहे, ओळखीच्या पात्रावर प्रेक्षकाचा जीव आधीच जडलेला असतो. पण सांसाची पुस्तकातली वाट तिथे बंद झाली. याला एका शब्दात पकडणं मला जमलेलं नाही, 'संताप' पुरे.

शब्दवेडी : मग अपेक्षाभंग कुठे?

कच्चा खर्डा : आठव्या पर्वाला. पाचवा खंड २०११चा, सहावा अजून आलेला नाही. सहाव्या पर्वापासून मालिका बहुतांशी पुस्तकांच्या पुढे गेली. ताडून बघायला मूळ मजकूरच नाही, तेव्हा 'पुस्तक बिघडवलं' ही तक्रार लागू पडत नाही. मनातल्या शेवटाशी पडद्यावरचा शेवट जुळला नाही, तो अपेक्षाभंग.

पानोपानी : 'भ्रमनिरास' मात्र जपून वापरा. त्याला आधी भ्रम लागतो आणि भ्रम जाणं तसं वाईट नाही.

उंबरठा : 'मुळाशी प्रामाणिक' खटकतं. पर्याय?

पानोपानी : 'मुळाला धरून' आणि 'मुळाबरहुकूम'. पहिल्यात थोडी मोकळीक आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. बरहुकूम म्हणजे हुकमाप्रमाणे, त्यामुळे कुठल्याही मालिकेला तो शब्द लावायला माझं तरी धाडस होत नाही.

उंबरठा : आणि 'पाणी घालणे'?

कच्चा खर्डा : ते आपल्या दैनंदिन मालिकांचं. अर्ध्या तासाच्या भागात मजकूर साधारण २२ मिनिटांचा, आठवड्याला ६ भाग, म्हणजे १३२ मिनिटं. दर आठवड्याला एक अख्खा चित्रपट! अडीचशे पानांची कादंबरी दोन-तीन महिन्यांत संपते, मालिका चालू ठेवायची असते. मग नवी जाऊ, नवं कारस्थान. असं महिनोन्‌महिने चाललं की वाचकाचा होतो तो विरस. रसभंग एका प्रसंगात होतो, विरसाला वेळ लागतो.