१६ लाख मते मिळवणारे कवी लामार्तिन आठ महिन्यांत एकटे का पडले?

फोंड्याची वाचक

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही काही जण जमतो आणि एखाद्या लेखकाविषयी बोलतो. या खेपेस माझ्याकडे फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा विषय आला आहे. पणजीला कांपालच्या बागेला त्यांचे नाव आहे, नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयालाही आहे. तरी मराठी वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या नावापलीकडे फारसे काही ठाऊक नसते, ही खंत मनात ठेवून मी वाचायला बसले. १८२९ साली नावेलीला जन्मलेला, वैद्यकी शिकलेला आणि पुढे गोव्याचा प्रतिनिधी म्हणून लिस्बनच्या संसदेत गेलेला हा तरुण १८६१ मध्ये फ्रेंच कवी आल्फोंस द लामार्तिन यांना पत्र लिहितो. जो भारत एके काळी काव्य, तत्त्वज्ञान आणि इतिहास यांचा पाळणा होता तोच आज त्यांची कबर झाला आहे, महाभारत रचणाऱ्या आणि बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या वंशात मी जन्मलो आहे, आणि भारतासाठी मी स्वातंत्र्य व प्रकाश मागतो, असा त्या पत्राचा आशय आहे. तो वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही.

आता माझा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याविषयी नसून ज्यांना ते लिहिले त्यांच्याविषयी आहे. लामार्तिन हे खानदानी घराण्यातले कवी होते, उदारमतवादी राजकारणी होते आणि १८४८ च्या फ्रेंच क्रांतीत अग्रभागी होते, एवढे मला कळले. पण ज्याच्या वडिलांना १७८९ च्या पहिल्या क्रांतीने तुरुंगात टाकले तो माणूस प्रजासत्ताकाची घोषणा करण्यापर्यंत कसा पोहोचला? एप्रिलमध्ये ज्याला लोकांनी डोक्यावर घेतले त्याला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कोणी विचारले नाही, हे कसे घडले? आणि १८६१ मध्ये, म्हणजे त्यांचे राजकारण संपून दहा वर्षे झाल्यावर, गोमिश यांना तेच का आठवले असावेत? जाणकारांनी सवडीने लिहावे.

निवृत्त शिक्षक, मडगाव

बाई, आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. मी अनेक वर्षे फ्रेंच शिकवली आहे आणि लामार्तिन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

खानदानी म्हटले की आपल्यापुढे राजवाडे उभे राहतात, तसे ते घराणे नव्हते. बर्गंडीतील माकाँ या गावी २१ ऑक्टोबर १७९० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लष्करी अधिकारी, धाकटे पुत्र, राजनिष्ठ. वाट्याला आले ते मिली या खेड्यातले साधे घर आणि द्राक्षाचे मळे. गोव्यातल्या माणसाला समजेल असे सांगायचे तर ते मध्यम भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, घर होते. पहिल्या क्रांतीतील दहशतीच्या काळात वडिलांना कैद झाली आणि त्या दहशतीचा नेता रोबेस्पिएर याच्या पतनानंतर ते सुटले. आईचे बालपण मात्र ऑर्लेआँ या राजघराण्याच्या शाखेच्या सावलीत गेले होते, कारण तिची आई त्या घराण्यातील मुलांच्या संगोपनासाठी नेमलेली होती. म्हणजे पुढे १८४८ मध्ये ज्या राजा लुई-फिलिपचे राज्य जाताना लामार्तिन व्यासपीठावर उभे होते, त्या लुई-फिलिपला त्यांची आई लहानपणापासून ओळखत होती.

शिक्षण बेले येथील धर्मगुरूंच्या शाळेत झाले. नेपोलियनची चाकरी त्यांनी केली नाही. १८१४ मध्ये जुन्या बूर्बाँ घराण्याचा राजा परतला तेव्हा ते त्याच्या अंगरक्षक दलात दाखल झाले. १८१६ मध्ये एक्स-ले-बँ येथे त्यांची झ्युली शार्ल यांच्याशी भेट झाली. त्या एका वयस्क भौतिकशास्त्रज्ञाच्या पत्नी होत्या आणि क्षयाने आजारी होत्या. पुढच्या उन्हाळ्यात बुर्जेच्या तळ्याकाठी पुन्हा भेटायचे ठरले होते, पण त्यांना प्रवास झेपला नाही, आणि कवी एकटाच त्या काठावर बसला. ‘तळे’ ही कविता तिथून आली. काळाला उड्डाण थांबवण्याची विनंती करणारी तिची ओळ आजही फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना पाठ असते. डिसेंबर १८१७ मध्ये झ्युली वारल्या. १८२० मध्ये चोवीस कवितांची एक लहानशी पुस्तिका निघाली आणि तिशीच्या आत हा माणूस देशभर प्रसिद्ध झाला. त्या कवितांत फार नवीन छंद नाहीत किंवा अवघड प्रतिमाही नाहीत. एक माणूस आपले दुःख संकोच न करता, पण तोल सांभाळून बोलतो आहे, हेच त्या काळच्या वाचकाला नवे होते.

त्यानंतर नेपल्स आणि फ्लॉरेन्स येथे वकिलातीतील नोकरी, एका इंग्रज स्त्रीशी विवाह, १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवड. १८३० च्या जुलै क्रांतीत जुना राजा गेला, तेव्हा लामार्तिन यांनी नोकरीचा राजीनामा दिला. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी इथे सापडते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या पडत्या काळात नव्या राजाकडे, म्हणजे लुई-फिलिपकडे, पगार मागायचा नाही, हा खानदानी संस्कार त्यांनी पाळला. मात्र गेलेले राज्य परत आणण्याच्या कटांत ते कधीही सामील झाले नाहीत. उलट त्याच वर्षी, जुन्या राजाच्या मंत्र्यांना फाशी द्या म्हणून पॅरिसचा जमाव ओरडत असताना, त्यांनी देहान्त शासनाविरुद्ध जनतेला उद्देशून कविता लिहिली. वडिलांच्या कैदेतून त्यांनी सूडाचा धडा घेतला नाही, कोणाचेच डोके उडवले जाऊ नये हा घेतला. अठरा वर्षांनी सत्ता हाती आली तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत हंगामी सरकारने राजकीय गुन्ह्यांसाठीची देहान्ताची शिक्षा रद्द केली, त्यामागे हीच कविता उभी होती, असे मी मानतो.

१८३२ मध्ये ते कुटुंबासह पूर्वेकडे प्रवासाला निघाले आणि बैरुतमध्ये त्यांची दहा वर्षांची एकुलती मुलगी ज्युलिया वारली. ते परदेशात असतानाच बेर्ग मतदारसंघातून त्यांची संसदेवर निवड झाली. सभागृहात उजवीकडे बसणार की डावीकडे, असे विचारल्यावर त्यांनी ‘छताला’ असे उत्तर दिले होते. पुष्कळांना ते हसण्यासारखे वाटले, पण पुढे गुलामगिरीविरुद्ध, देहान्त शासनाविरुद्ध आणि रेल्वेच्या धोरणावर त्यांनी केलेली भाषणे वाचली, तर हा कवी अभ्यास करून उभा राहत असे, हे लक्षात येते.

डिचोलीकर

सरांनी पाया घातला आहे, मी १८४८ कडे वळतो.

२४ फेब्रुवारीला लुई-फिलिपने नऊ वर्षांच्या नातवासाठी गादी सोडली. मुलाची आई, ऑर्लेआँची डचेस, त्याला घेऊन सभागृहात आली. घराण्याचे जुने संबंध पाहता लामार्तिन तिच्या बाजूने बोलतील असे अनेकांना वाटले असेल. त्यांनी हंगामी सरकारची मागणी केली. परराष्ट्रखाते त्यांच्याकडे आले आणि नावाला प्रमुख वृद्ध द्युपाँ द लर असले, तरी सरकारचा आवाज लामार्तिन यांचाच होता. दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या नगरभवनासमोर सशस्त्र जमावाने लाल निशाणाची मागणी केली. लामार्तिन म्हणाले, की लाल निशाण केवळ पॅरिसमधील शाँ द मार्सच्या मैदानाभोवती लोकांच्या रक्तातून ओढले गेले आहे, फ्रेंच तिरंगा मात्र देशाचे नाव, कीर्ती आणि स्वातंत्र्य घेऊन जगभर फिरला आहे. बंदुका रोखलेल्या माणसांसमोर हे बोलायला छाती लागते, आणि फ्रान्सचा ध्वज आज जो आहे तो राहण्यात त्या भाषणाचा मोठा वाटा आहे.

सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि २७ एप्रिलला फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा हुकूमनामा निघाला. त्याच एप्रिलमधील निवडणुकीत लामार्तिन दहा विभागांतून निवडून आले. सगळी मिळून सुमारे १६ लाख मते. मग मे महिन्यात पाच जणांचे कार्यकारी मंडळ निवडायचे होते. बहुमत नेमस्तांचे होते आणि त्यांना जहाल नेते लेद्र्यु-रोलाँ नको होते. लामार्तिन यांनी अट घातली, की लेद्र्यु-रोलाँ मंडळात असतील तरच मी असेन. परिणामी १० मे रोजी मते मोजली गेली तेव्हा आरागो यांना ७२५, लामार्तिन यांना ६४३ आणि लेद्र्यु-रोलाँ यांना ४५८ मते मिळाली. देशात पहिला असलेला माणूस पाचांत चौथा आला. नेमस्तांना वाटले की याने आपला विश्वासघात केला, आणि जहालांनी त्यांना आपला मानलेच नाही.

शेवटचा घाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतला. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडावा की जनतेने थेट, हा वाद ऑक्टोबरमध्ये आला. जनतेने निवडल्यास नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन येईल, हा धोका त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तरीही ६ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी थेट निवडणुकीची बाजू घेतली. फासा पडला आहे, आता देव आणि जनता काय तो निर्णय देवोत, असे ते म्हणाले. १० डिसेंबरला लुई-नेपोलियन यांना सुमारे ५४ लाख मते पडली आणि लामार्तिन यांना वीस हजारांच्या आसपास.

फोंड्याची वाचक

दोघांचेही मनापासून आभार. परंतु एक शंका राहते. जून १८४८ मध्ये बेकारांना काम देणाऱ्या सरकारी कर्मशाळा बंद झाल्या, पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले आणि सेनेने हजारोंचे बळी घेतले. त्या वेळी लामार्तिन सत्तेवरच होते. देहान्ताची शिक्षा रद्द करणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडले, तर त्यांच्या पतनाचे खापर केवळ त्यांच्या सरळपणावर फोडणे योग्य होईल का? मंडळीसमोर बोलताना मला ही बाजू झाकायची नाही.

डिचोलीकर

आपली शंका रास्त आहे आणि मी ती बाजू वगळायला नको होती. लामार्तिन स्वतः घोड्यावरून रस्त्यावरच्या अडथळ्यांपर्यंत गेले होते, पण त्याने काही थांबले नाही, आणि २४ जूनला सगळे अधिकार सेनापती काव्हेन्याक यांच्या हाती गेले. मतपेटी मिळाली म्हणजे भाकरीचा प्रश्न सावकाश सुटेल, असा त्या पिढीच्या उदारमतवाद्यांचा विश्वास होता. लामार्तिन यांना कामगारांविषयी कणव होती, पण त्यांच्या रोजीचा विचार त्यांनी ध्वजाइतक्या बारकाईने केला नाही, असे माझे मत आहे. आपण हे बैठकीत अवश्य सांगावे.

निवृत्त शिक्षक, मडगाव

मी सहमत आहे, आणि ते लिहिताना मला वाईट वाटते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. १८५१ च्या डिसेंबरात लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली आणि लामार्तिन यांचे राजकारण संपले. उरले ते कर्ज. बहिणींचे वाटे चुकते करून त्यांनी वडिलार्जित जमीन एकत्र राखली होती, शेजारच्या शेतकऱ्यांची द्राक्षे चढ्या भावाने घेण्यात तोटे सोसले होते, आणि हात सढळ होता. आपल्याकडे भाट राखण्यासाठी घर गहाण टाकणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. कर्ज फेडण्यासाठी म्हातारपणी ते रोज पहाटे उठून लिहीत. १८५६ पासून त्यांनी साहित्यावरचे एक मासिक प्रकाशन एकट्याने चालवले, ते मरेपर्यंत. तरीही १८६० मध्ये मिलीचे घर विकावे लागले.

त्या मासिकाच्या अगदी आरंभीच्या भागांत त्यांनी प्राचीन भारताच्या वाङ्मयावर लिहिले आहे, शाकुंतलावरही. ज्या घरांतून शाकुंतलातील पदे आजोबांच्या तोंडून ऐकू येत, अशा आपल्या भागात हे किती जणांना माहीत असेल? गोमिश फ्रेंचमध्ये सहज लिहीत. अठराव्या शतकातील पोर्तुगीज मंत्री मार्किस पोंबाल यांच्यावरचे त्यांचे चरित्रही फ्रेंचमध्येच आहे. भारताच्या काव्याविषयी आदराने लिहिणारा, ज्याच्या सरकारने गुलामगिरी संपवली तो, आणि स्वतः सत्तेबाहेर फेकला गेलेला, असा युरोपातला दुसरा कोणता माणूस त्यांना सापडला असता? पत्रातील महाभारताचा उल्लेख मला याच संदर्भात वाचावासा वाटतो. गोमिश परक्या मोठ्या माणसाला आपली ओळख करून देत नव्हते. ज्याने आपल्या पूर्वजांचे वाचले आहे त्याला ते आज आपली काय अवस्था आहे हे सांगत होते.

दोघेही १८६९ मध्येच गेले. लामार्तिन २८ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये, आणि गोमिश सप्टेंबरअखेरीस गोव्याला परतताना जहाजावर, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

फोंड्याची वाचक

सर, आता विषय माझ्या मनात नीट बसला. मी गोमिश यांचे पत्र आधी वाचेन, आणि ते कोणाला लिहिले होते हे नंतर सांगेन. ‘तळे’ ही कविता मराठीतून सांगण्यापेक्षा एकदा मुळातून कानावर पडावी, असे फार वाटते. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी चार वाजता आपण फोंड्याला येऊन ती वाचून दाखवाल का? मडगावहून येण्या-जाण्याची सोय आम्ही करू.

निवृत्त शिक्षक, मडगाव

येईन. कविता सोळा कडव्यांची आहे. वाचायला पाच-सहा मिनिटे लागतील, आणि प्रत्येक कडव्यानंतर मराठीत अर्थ सांगायचा असेल तर अर्धा तास राखून ठेवा. शक्य झाल्यास डिचोलीकरांनीही यावे. जूनच्या दिवसांविषयी त्यांनीच बोलावे.