प्रतिसाद: दार उघडलं म्हणजे इंटिग्रेशन झालं असं नाही
"विगँडच्या वायरी जोडल्या की कुठलाही बायोमेट्रिक रीडर चालतो" असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते दार उघडण्यापुरतं खरं आहे. विगँड म्हणजे रीडर आणि कंट्रोलर (दार उघडायचं की नाही हे ठरवणारा बोर्ड) यांना जोडायची वायरिंगची पद्धत. त्या वायरवरून बोटाचा ठसा जातच नाही. रीडर आतल्या आत ठसा जुळवतो आणि कंट्रोलरला नुसता नंबर पाठवतो. नेहमीच्या 26 बिटांत 8 फॅसिलिटी कोडचे (जागेचा किंवा संस्थेचा कोड), 16 कार्ड नंबरचे, 2 पॅरिटीचे (चूक तपासायला). म्हणजे कार्ड नंबर 65,535 च्या पुढे जात नाही. एम्प्लॉयी कोड सहा अंकी असेल तर बसा मॅपिंग करत.

खरी डोकेदुखी पुढे आहे. विगँड एकतर्फी, त्यामुळे ठसे रीडरवर चढवायला वेगळी नेटवर्क केबल आणि बहुतेक वेळा रीडर-कंपनीचंच सॉफ्टवेअर. माणूस सोडून गेला, तुम्ही ॲक्सेस सॉफ्टवेअरमधून नाव काढलंत, तरी सिंक नसेल तर टेम्प्लेट (ठशाची साठवलेली डिजिटल नोंद) रीडरमध्ये तसंच पडून. आज दार उघडणार नाही, कबूल. पण तोच नंबर उद्या नव्या माणसाला दिलात की जुन्याचं बोट पुन्हा चालू!

ओएसडीपी (विगँडऐवजी वापरता येणारा नवा प्रोटोकॉल) दुतर्फी आहे, एन्क्रिप्शनही मिळतं. पण आयएसओ 19794-2 (ठशाच्या टेम्प्लेटचं आंतरराष्ट्रीय मानक) असूनही अनेक कंपन्या टेम्प्लेट आपल्याच फॉरमॅटमध्ये ठेवतात. एसडीके (रीडर आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचं डेव्हलपर किट) घेण्याआधी डिलीट कमांड आणि टेम्प्लेट एक्सपोर्ट, दोन्ही समोर करून दाखवायला सांगा.