मदत हवी आहे: चलनांच्या तुलनेसाठी कोणता गुणक घ्यावा?

फोंड्यातील आमच्या शाळेत नववीच्या वर्गासाठी मी एक तक्ता करीत आहे. गोव्यातील माणसे कामानिमित्त जिथे जातात त्या कुवेत, पोर्तुगाल व ब्रिटनची चलने आणि जोडीला जपानी येन, ही सर्व त्यात रुपयाशी ताडून दाखवायची आहेत. केवळ विनिमय दर मांडला तर दिनार सर्वांत महाग आणि येन रुपयाहूनही स्वस्त दिसतो. त्यावरून जपान गरीब असल्याचा समज मुलांनी करून घेऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एवढे समजावण्यास १९५८ सालचे उदाहरण पुरेसे आहे: तेव्हा पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात रुपिया हे जुने चलन जाऊन एस्कुदो हे नवे आले आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो झाले, म्हणून कोणाच्या खिशातली खरेदीची ताकद सहापट झाली नाही.

एका दिवसाचा दर फसवा ठरतो, म्हणून वार्षिक सरासरी घेतली. जागतिक बँकेचे क्रयशक्ती समतेचे गुणकही, म्हणजे तीच खरेदी करायला प्रत्येक देशात तिथले किती चलन लागते ते सांगणारे आकडे, उतरवून घेतले. मात्र तिथे स्थूल देशांतर्गत उत्पादनासाठी एक आणि खासगी उपभोगासाठी दुसरा, असे दोन गुणक मिळतात. घरखर्चाच्या दृष्टीने दुसरा योग्य वाटतो. परंतु कुवेतमधील पगाराचा काही भाग तिकडे खर्च होतो आणि उरलेला गोव्यात येतो.

तक्ता एका पानात बसला पाहिजे आणि माहिती विनामूल्य उपलब्ध असावी. तिकडच्या खर्चाला खासगी उपभोगाचा गुणक आणि घरी पाठवलेल्या रकमेला बाजारातील विनिमय दर, असे दोन मापदंड एकाच तक्त्यात लावणे शास्त्रशुद्ध ठरेल का?