पोट मऊ लागलं, मग शी का तपासायची?

वहिनी: ताई, डॉक्टरांनी धाकट्याचं पोट दाबून पाहिलं, पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली. हाताला काही लागत नाही म्हणाले, तरी टेपवर्मसाठी शी तपासायला सांगितली. कशाला?

डॉक्टर ताई: वहिनी, बरोबर सांगितलंय. टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी, आतड्यात काही मीटर वाढला तरी पोटाला हात लावून कळत नाही. बहुतेकांना त्रासही होत नाही. खूण दिसते ती शीतच: फीत कापून टाकल्यासारखे चपटे, पांढरट तुकडे, कधी वळवळणारे. गोमांसातून येणाऱ्या जातीचे तुकडे तर आपणहून बाहेर सरकतात, चड्डीत सापडतात.

मावशी: मग पापणी, जीभ कशासाठी?

डॉक्टर ताई: रक्त कमी आहे का ते बघायला. माशातून येणारा पट्टकृमी बी-१२, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व, खातो; त्यात जीभ लाल, गुळगुळीत होऊ शकते. पण असं क्वचितच.

मामा: माझ्या दंडावर वाटाण्याएवढी गाठ आहे. दुखत नाही. जंताची असेल का गं?

डॉक्टर ताई: मामा, अशा गाठी बहुतेक चरबीच्या निघतात, पण दाखवून घ्या. डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर अळ्या रक्तातून स्नायूंत, कातडीखाली, मेंदूत जाऊन बसतात. कातडीखालची गाठ घट्ट, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी असते. सोबत कधी फिट आली किंवा डोकं सतत दुखत असेल तर थांबू नका. तेव्हा डोळ्याचा आतला पडदाही बघतात. मेंदूतला दाब वाढला की तिथली नस सुजलेली दिसते.

मावशी: आम्ही मांस खातच नाही, आम्हाला काय भीती?

डॉक्टर ताई: मावशी, हाच गैरसमज घात करतो! ही अंडी मांसातून येत नाहीत. ज्याच्या पोटात तो कृमी आहे त्याच्या शीतून, न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून येतात. शाकाहारी माणसालाही मेंदूत गाठ होऊन फिट येते.

वहिनी: तोवर जंताची गोळी देऊन टाकू?

डॉक्टर ताई: अजिबात नको. मेंदूत अळ्या असल्या तर प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोलने त्या मरताना सूज येते, फिट येऊ शकते. आधी तपासणी. आणि एक नमुना निगेटिव्ह आला तरी वेगवेगळ्या दिवशी अजून द्यावे लागतील, अंडी रोज पडत नाहीत.

वहिनी: बरं. तुकडा दिसला तर तोही नेऊ?

डॉक्टर ताई: हो, वेगळ्या डबीत. हात न लावता उचला, नंतर साबणाने हात धुवा. त्यावरून जातही ओळखता येते.